नोटिशीपासून ताब्यापर्यंत: ठाणे आणि नवी मुंबईतला दिवाणी दावा

दिवाणी दावा बुडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच कागदावर. कोर्ट चुकलेले असते, मुदत टळलेली असते, नाहीतर मागणी अर्धवट असते. हे पक्षकाराला कळते तीन-चार वर्षांनी, मुद्दे (कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न) निघाल्यावर किंवा थेट निकालात. म्हणून या लेखात कोर्टातल्या युक्तिवादापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना जास्त जागा दिली आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे आणि पुराव्याचा कायदा बदलला, दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र १९०८ चीच आहे. हे वाचून स्वतःच दावा चालवायला उभे राहा असे म्हणणे नाही. पण तुमचा वकील काय मागतो आहे आणि तारखेला काय घडले, हे तुम्हाला कळायलाच हवे.

हे काम दिवाणी कोर्टाचे आहे का?

घोडबंदर रोडवर फ्लॅट बुक केला आणि बिल्डर ताबा देत नाही, तर दिवाणी दावा लावू नका. रेरा कायद्याच्या कलम ७९ ने त्या विषयात दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद केला आहे. महारेराकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. गृहनिर्माण सोसायटीची निवडणूक, सभा, कारभार आणि सभासद-सोसायटी यांच्यातले बहुतेक वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात चालतात. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे दाव्यापेक्षा लवकर काम होते, अट एवढीच की करार लेखी हवा, आणि तो नोंदवलेला असला की डोकेदुखी कमी. जुन्या भाडेकरूचा वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात जातो, ठाणे जिल्ह्यात दिवाणी न्यायाधीशांपुढे.

बांधकाम पाडण्याची महापालिकेची किंवा सिडकोची नोटीस आली की लोक धावत जाऊन मनाईचा दावा टाकतात. नोटीस नगररचना कायद्याखालची असेल तर त्याच कायद्याचे कलम १४९ आडवे येते. अशा दाव्यात सुरुवातीलाच अधिकारक्षेत्राचा आक्षेप येणार हे गृहीत धरा आणि नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. वकिलाची वाट पाहत उत्तराची तारीख घालवणारे फार भेटतात.

शेतजमिनीच्या दाव्यात प्रतिवादीने ‘मी कूळ आहे’ एवढे म्हटले तरी तो मुद्दा कूळकायद्याखालच्या अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत मूळ दावा रेंगाळतो. दिवा, शिळफाटा, कल्याण या पट्ट्यात जमीन घेणाऱ्याने जुने फेरफार आधीच काढून ठेवावेत.

कोणते कोर्ट

स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जिथे आहे तिथेच. पक्षकार कुठे राहतात याला महत्त्व नाही, करारात काहीही लिहिले असो. पैशाच्या दाव्यात मात्र प्रतिवादी राहतो तिथे, धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचे कारण घडले तिथे, यांतली निवड करता येते. ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात चालेल’ हे कलम करारात असेल तर आधी एक तपासा: त्या व्यवहाराचा मुंबईशी मुळात संबंध होता का? ज्या कोर्टाला अधिकारच नव्हता, त्याला पक्षकार आपसात अधिकार बहाल करू शकत नाहीत.

नवी मुंबईकरांची खरी अडचण वेगळीच आहे. शहर एक, जिल्हे दोन. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. बेलापूरच्या माणसाचा खारघरच्या प्लॉटचा दावा पनवेलला जातो आणि त्याचे जिल्हा न्यायालय अलिबागला. ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडला गेलात की मुंबई. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे वसई-विरारच्या जुन्या कागदांवर ‘जिल्हा ठाणे’ दिसले तरी भुलू नका.

कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर, हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते. कनिष्ठ स्तराकडे रेग्युलर मुकदमा, वरिष्ठ स्तराकडे स्पेशल मुकदमा. सरकार प्रतिवादी असेल तर रक्कम कितीही असो, वरिष्ठ स्तर. चुकीच्या कोर्टात गेलात तर दावा फेटाळला जाण्याऐवजी योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मिळू शकतो, आणि प्रामाणिकपणे घालवलेला वेळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ खाली वजा मागता येतो. पण तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

मुदत: इथे दया नाही

अपिलाला उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते. दाव्याला उशीर झाला तर ती सोय नाही. माफीचे ते कलम, मुदतीच्या कायद्याचे कलम ५, दाव्यांना लागू होत नाही.

पैशाच्या दाव्याला ३ वर्षे. करारपूर्तीला, म्हणजे करार पाळायला लावण्याच्या दाव्यालाही ३ वर्षे: करारात तारीख ठरलेली असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळले त्या दिवसापासून. हक्क जाहीर करून मागणे किंवा दस्त रद्द करून मागणे, ३ वर्षे. मालकी हक्काच्या जोरावर ताबा मागायला १२ वर्षे. जबरदस्तीने घराबाहेर काढले असेल तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत फक्त ‘ताबा माझा होता, कायदेशीर मार्गाने न जाता काढला’ एवढ्यावर ताबा परत मागता येतो. मालकीची चर्चाच नाही. सरकारविरुद्ध मात्र हा मार्ग चालत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते हातउसन्या पैशात. ‘मागशील तेव्हा देईन’ म्हणून मेहुण्याला ८ लाख दिले. पुढची पाच वर्षे नातं टिकावं म्हणून मागितलेच नाहीत. मग नोटीस पाठवली आणि समज करून घेतला की मुदत नोटिशीपासून मोजतात. मोजत नाहीत. मागणी करताच परत द्यायच्या कर्जाची मुदत पैसे दिले त्या दिवसापासून चालू होते, आणि नोटिशींनी ती एक दिवसही वाढत नाही. वाढते ती दोन गोष्टींनी: मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून कर्ज लेखी कबूल केले तर, किंवा काही रक्कम फेडली आणि त्या फेडीची त्याच्या हातची नोंद असली तर. म्हणून तिसरे वर्ष संपायच्या आधी नात्यातल्या माणसाकडूनही दोन ओळींची सही घ्यावी. वाईट वाटेल, घ्यावी. व्हॉट्सॲपवरच्या ‘देतो रे दादा’वर विसंबू नये.

जुने प्रकरण असेल तर हेही मोजणीत घ्या: कोविडच्या काळातले १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळले आहेत.

मागणी: लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग

कोर्ट न मागितलेले देत नाही. दाव्याच्या शेवटच्या पानावर ‘सबब वादीची विनंती की’ म्हणून जी अ, ब, क कलमे असतात, ती दाखल करण्याआधी घरी बसून स्वतः वाचा. बाकीचा दावा वकिलावर सोडा, हे पान सोडू नका.

नेहमीची चूक अशी. कळव्यातल्या जागेवर शेजाऱ्याने पत्र्याची शेड टाकली. वादी मागतो: ‘प्रतिवादीने वादीच्या वहिवाटीस हरकत करू नये अशी कायमची ताकीद द्यावी.’ पण शेड उभी आहे, ताबा गेलेला आहे. ताकीद, म्हणजे मनाईचा हुकूम, ज्याच्याकडे ताबा आहे त्याला मिळते. इथे ताबा परत मागायला हवा, शेड काढून टाकण्याची अनिवार्य ताकीद मागायला हवी, आणि शेजारी स्वतःला मालक म्हणवत असेल तर मालकी हक्क जाहीर करूनही मागायला हवा. मालकीवर खरोखरच सावट आले असेल तर नुसत्या ताकिदीचा दावा पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या अनाथुला सुधाकर प्रकरणात स्पष्ट केले आहे. उलट बाजूने, नुसता हक्क जाहीर करून मागितला आणि ताबा मागायचा राहिला, तरी दावा पडतो.

दुसरा सापळा संहितेच्या आदेश २ नियम २ चा. एकाच कारणातून जितके मागता येते तितके एकाच दाव्यात मागायचे. ‘आधी एवढे मागू, उरलेले नंतर बघू’ म्हणून सोडलेला भाग पुढे मागता येत नाही. काही मागणी मागे ठेवायचीच असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन ठेवावी.

वाटपाच्या दाव्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण गोठिवली, घणसोली, तुर्भे इथल्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांत हा दावा घरोघरी आहे. नवी मुंबईसाठी जमीन गेली, बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला, तो भावांच्या नावे झाला, बहिणींना कळले तेव्हा बिल्डरशी बोलणी चालू होती. जमीन वडिलोपार्जित असेल तर तिच्या बदल्यात आलेल्या भूखंडात हिस्सा सांगता येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार झाली आणि त्यासाठी वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये ठरले. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

असा दावा लिहिताना सगळे हिस्सेदार पक्षकार करायचे, जे आपल्या बाजूचे आहेत तेही. मयत भावाची विधवा आणि मुले विसरू नयेत. सगळ्या मिळकती घ्यायच्या: भूखंड, गावठाणातले घर, उरलेला सातबारा. एखादी वगळली की अर्धवट वाटपाचा आक्षेप आलाच. वारसनोंदीच्या वेळी ‘इथे सही कर, तलाठ्याला लागते’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली असेल, तर ते रद्द करून मागण्याची वेगळी मागणी हवी, आणि तिची ३ वर्षे फसवणूक कळल्यापासून मोजली जातात. सिडकोला प्रतिवादी करावे, म्हणजे दावा चालू असताना त्रिपक्षीय कराराला मंजुरी देताना वाद त्यांच्या फाइलवर असेल. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून ठेवलेली बरी. नंतरच्या खरेदीदाराला ‘मला माहीतच नव्हते’ म्हणायला जागा उरत नाही.

नोटीस, कॅव्हेट आणि दाखल करणे

खासगी व्यक्तीविरुद्ध नोटीस सक्तीची नाही, तरी पाठवावी, नोंदणीसह स्पीड पोस्टाने, आणि पोचपावती सांभाळावी. ज्यांच्याविरुद्ध ती सक्तीची आहे त्यांचे लक्षात ठेवा. सरकार असेल तर संहितेच्या कलम ८० खाली २ महिने. महापालिका असेल तर महापालिका कायद्याच्या कलम ४८७ खाली १ महिना. सहकारी संस्थेच्या कारभाराशी निगडित दावा असेल तर निबंधकांना २ महिन्यांची. उद्याच बुलडोझर येणार असेल तर सरकारविरुद्ध नोटिशीशिवाय दावा लावण्याची परवानगी कलम ८०(२) खाली मागता येते.

व्यापारी वाद वेगळा. रबाळे किंवा महापेच्या कारखान्याची ३ लाख किंवा त्याहून जास्तीची बिले थकली असतील तर तो वाणिज्यिक वाद. तातडीची मनाई हवी नसेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज केल्याशिवाय दावा दाखलच होत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची ठरवली. लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल तर लघुउद्योगांची थकलेली बिले वसूल करून देणाऱ्या सुविधा परिषदेचा मार्गही आहे, आणि माझ्या मते वसुलीसाठी आधी तोच पाहावा.

समोरचाच तुमच्याविरुद्ध जाणार अशी कुणकुण असेल तर संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ९० दिवस टिकते. तेवढ्यात तुम्हाला न ऐकता मनाई मिळणे अवघड होते. ज्या कोर्टात अर्ज येऊ शकतो त्याच कोर्टात ते हवे. ठाण्याला कॅव्हेट आणि दावा बेलापूरला, याचा उपयोग शून्य. ९० दिवस संपले की नव्याने करावे लागते.

दाव्यासोबत काय लागते? वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, नोंदणीकृत पत्त्याचा मेमो, कागदयादी आणि कागद, मिळकतीचे चतुःसीमांसह वर्णन, कोर्ट फी, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक प्रत आणि समन्सचा खर्च. कोर्ट फीची कमाल मर्यादा महाराष्ट्रात १० लाख रुपये आहे. मालमत्ता, पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा विषयांत महिलांना १९९४ च्या अधिसूचनेने फी माफ आहे. आपला दावा त्यात बसतो का ते वकिलाला विचारा आणि अधिसूचनेची प्रत जोडा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

छाननीतून दावा सुटला की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा ओळखक्रमांक, मिळतो. तो फोनमध्ये साठवा. ई-कोर्ट्स ॲपवर तारीख, टप्पा आणि पुष्कळदा आदेशही दिसतात. ‘साहेब सुटीवर होते’ हे खरे की नाही तेही.

निशाणी ५

कोर्टाच्या फाइलमध्ये प्रत्येक कागदाला निशाणी, म्हणजे क्रमांक असतो. निशाणी १ म्हणजे दावा, निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. मिळकतीच्या दाव्यांत खरी लढाई इथेच होते. निकालाला वर्षे लागतात, तोवर जागेवर काय घडते हे या अर्जावर ठरते.

कोर्ट तीन गोष्टी पाहते: सकृद्दर्शनी तुमच्या बाजूने काही आहे का, मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त गैरसोय कोणाची, आणि पैशाने भरून न येणारे नुकसान आहे का. तिन्ही लागतात. बेदखल करण्याची धमकी कधी, कोणी, कुठे दिली हे तारखेसह लिहा. फोटो जोडा. वीजबिल, मालमत्ता कराची पावती, सोसायटीची पावती हे ताब्याचे कागद मालकीच्या कागदांइतकेच कामाचे. आणि अडचणीचा कागद लपवू नका. मनाई ही न्यायबुद्धीने दिली जाणारी गोष्ट आहे. लपवाछपवी उघड झाली की चांगली बाजूही हातची जाते.

एकतर्फी मनाई मिळाली तर काम संपत नाही. आदेश, अर्ज आणि कागदांच्या प्रती लगेच प्रतिवादीला पाठवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हे राहिले म्हणून उठलेल्या मनाया कमी नाहीत. मनाई मोडली तर आदेश ३९ नियम २-अ खाली अर्ज, ज्यात मालमत्ता जप्त होऊ शकते आणि दिवाणी कैदही. निशाणी ५ चा निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत त्यावर अपील करता येते.

त्याच सुमारास इतर अर्जही डोक्यात ठेवा. हद्दीचा वाद असेल तर कोर्ट कमिशनर नेमून भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी मागवा. शेजाऱ्यांचे दहा साक्षीदार जे सांगणार नाहीत ते मोजणीचा नकाशा सांगतो. प्रतिवादी मालमत्ता विकून पसार होण्याच्या बेतात असेल तर निकालापूर्वी जप्ती. भाड्याच्या उत्पन्नावर भांडण असेल तर रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस.

तुम्हीच प्रतिवादी असाल तर

समन्स नाकारू नका. बेलीफ ‘घेण्यास नकार’ लिहून नेतो आणि ती बजावणी धरली जाते. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत, कोर्टाने वाढवून दिल्यास ९० पर्यंत. साध्या दाव्यात त्यानंतरही खर्च भरून कधी कधी परवानगी मिळते, वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर नाहीच. कैफियतीत प्रत्येक परिच्छेदाला नेमके उत्तर हवे. ‘खोटे आहे, कबूल नाही’ एवढे लिहून सुटका होत नाही, जे नेमकेपणाने नाकारले नाही ते कबूल समजले जाते. तुमचाही काही हक्क असेल तर वेगळ्या दाव्याऐवजी प्रतिदावा करता येतो.

दावा मुळातच मुदतीबाहेर किंवा कायद्याने बंदी असलेला दिसत असेल तर दावा सुरुवातीलाच नाकारावा म्हणून आदेश ७ नियम ११ चा अर्ज. तिथे कोर्ट फक्त दाव्यातली विधाने आणि वादीचे कागद पाहते, तुमची बाजू पाहत नाही. म्हणून उठसूट हा अर्ज करण्यात अर्थ नाही, वर्ष जाते.

चेक, लेखी करार किंवा प्रॉमिसरी नोटवरचा समरी (झटपट निकालाचा) दावा असेल तर घड्याळ फार वेगाने पळते. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हायचे. नंतर वादी निकालासाठी समन्स काढतो, त्यापासून १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची. चुकलात तर साक्षीपुराव्याशिवाय निकाल.

एकतर्फी निकाल झालाच तर ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज. दिवस निकालापासून मोजतात. समन्सच बजावले गेले नसेल तर निकाल कळल्यापासून.

पुरावा आणि तारखा

मुद्दे निघाले की ते स्वतः वाचा. कोणता मुद्दा कोणी शाबीत करायचा हे तिथे लिहिलेले असते आणि साक्ष त्यावरच द्यायची. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो, उलटतपास समोर. उलटतपासात ‘आठवत नाही’ हे खरे असेल तर बेधडक म्हणा. हुशारी दाखवून दिलेले लांब उत्तर समोरच्या वकिलाला हवेच असते.

कागदांत दोन गोष्टींनी घात होतो. एक, मुद्रांक. कमी मुद्रांकाचा करार कोर्ट पुराव्यात घेत नाही, जप्त करून तूट आणि दंड भरायला लावते. १०० रुपयांच्या कागदावर केलेला ताब्यासह विक्रीचा करार घेऊन येणारे आजही भेटतात. दोन, मोबाइलमधले पुरावे. चॅट, कॉल रेकॉर्डिंग, फोटो यांची प्रिंट पुरत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, एक तुमचे आणि एक तज्ज्ञाचे, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) असते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

तारखेला गेलात की रोजनामा पाहा. त्या दिवशी काय झाले याची तीच नोंद खरी. एखाद्या पक्षकाराचा मृत्यू झाला तर ९० दिवसांत वारस दाखल करायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो. म्हातारे भाऊबंद असलेल्या वाटपाच्या दाव्यात हे हमखास घडते आणि गावाकडची बातमी वकिलाला कोणी सांगितलेली नसते. गैरहजेरीत दावा निकाली निघाला तर ३० दिवसांत पुन्हा नोंदीवर घेण्याचा अर्ज.

तडजोड कधीही करता येते. लोकअदालतीत झाली तर निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीच्या मसुद्यात रक्कम, तारीख आणि ‘न दिल्यास काय’ हे स्पष्ट लिहा. दाव्यात नसलेली जागा तडजोडीत घुसवली तर नोंदणी आणि मुद्रांक लागतात.

निकालानंतर

अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस. नकलेला लागलेला वेळ वजा होतो, म्हणून निकालाच्याच दिवशी नक्कल अर्ज टाका. अपील दाखल केले म्हणजे स्थगिती मिळाली असे होत नाही, ती वेगळी मागावी लागते. दुसरे अपील उच्च न्यायालयात ९० दिवसांत, पण फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर.

हुकूमनामा, म्हणजे निकालानुसार कोर्टाने काढलेला हुकूम, हातात आला की लोक पेढे वाटतात. समोरचा मात्र जागचा हलत नाही. मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. तिची मुदत १२ वर्षे, पण अनिवार्य ताकिदीची, म्हणजे ‘भिंत पाडा, शेड काढा’ अशा हुकमाची, फक्त ३ वर्षे. अनेक जण १२ च्या भरवशावर बसतात आणि हुकूम वाया घालवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात दरखास्ती ६ महिन्यांत निकाली काढाव्यात असे सांगितले आहे. तारीख लांबू लागली की तो निकाल दाखवा.

पैशाच्या हुकूमनाम्यात आधी आदेश २१ नियम ४१ खाली देणेकऱ्याकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागवा. बँक खाते, फ्लॅट, त्याला इतरांकडून येणे असलेली रक्कम, सगळ्यावर जप्ती येऊ शकते. पगारातला काही भाग वगळला जातो. दिवाणी कैद शेवटचा उपाय, तोही पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीविरुद्ध नाही, आणि कैद्याचा भत्ता तुम्हालाच भरावा लागतो. करारपूर्तीचा हुकूमनामा असून समोरचा खरेदीखतावर सही करत नसेल तर कोर्टाने नेमलेला अधिकारी त्याच्या वतीने सही करून दुय्यम निबंधकांपुढे दस्त नोंदवून देतो. वाटपाचा हुकूमनामा आधी प्राथमिक असतो, फक्त हिस्से ठरवणारा. प्रत्यक्ष तुकडे पाडण्यासाठी अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज करावा लागतो आणि अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर काढावा लागतो. शेतजमीन असेल तर वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते.

ताब्याच्या वॉरंटला बेलीफ एकटा जातो तेव्हा पुष्कळदा दाराला कुलूप असते, नाहीतर आत आजीबाई झोपलेल्या असतात. म्हणून कुलूप तोडण्याचा आणि पोलिस बंदोबस्ताचा आदेश आधीच घेऊन ठेवा, बंदोबस्ताचा खर्च भरा, कुलूपवाला, दोन पंच आणि हमाल सोबत न्या. आत तिसराच माणूस निघून ‘मी भाडेकरू’ म्हणाला तर हुज्जत घालू नका. बेलीफकडून तसा अहवाल लिहून घ्या आणि ३० दिवसांत आदेश २१ नियम ९७ चा अर्ज करा. त्याचा हक्क त्याच दरखास्तीत तपासला जातो, नवा दावा लागत नाही. ताबा मिळाला की त्याच दिवशी आतल्या वस्तूंचा पंचनामा, दरवाजाचे फोटो, नवे कुलूप आणि ताबापावतीची नक्कल. ती नक्कल आणि हुकूमनामा घेऊन नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज द्यायचा, आणि सोसायटी असेल तर सचिवांकडून पोच घ्यायची.